छायाचित्रांची पुष्पिका

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा मोठा भाग घराण्यांच्या खासगी दप्तरांतून उजेडात आला. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. वाळवी, ओल आणि वारसांची अनास्था हे त्या दप्तरांचे शत्रू होते. जुन्या कौटुंबिक छायाचित्रांना आज त्याच शत्रूंनी घेरले आहे.

छायाचित्रणाची कला १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्थाही निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे या कलेच्या आरंभीच्या भारतीय उपासकांपैकी एक. प्रथम संस्थानिक आणि धनिक यांच्यापुरती असलेली ही हौस पुढे गावोगावच्या स्टुडिओंमुळे मध्यमवर्गीय घरांत पोहोचली. तथापि ते चित्र मुळातच नाजूक होते. अंड्यातील पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर चांदीच्या क्षारांनी उमटविलेली प्रतिमा काळाबरोबर पिवळी पडते, फिकट होते. म्हणूनच तिची संगणकीय प्रत करण्याची निकड आहे.

या तंत्राचा उगमही कौटुंबिक छायाचित्रातच आहे. १९५७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल कर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॅनर तयार केला. त्यातून संगणकात उतरविलेले पहिले चित्र कर्श यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचे होते. १७६ ओळी आणि प्रत्येक ओळीत १७६ बिंदू, म्हणजे एकूण ३०,९७६ बिंदू, एवढाच त्याचा पसारा. आज घरगुती स्कॅनरही एका चौरस इंचातून लक्षावधी बिंदू टिपतो.

परंतु बिंदू वाढले म्हणून ज्ञान वाढतेच असे नाही. आपल्याकडील पोथी उतरविणारे लेखक ग्रंथाच्या अखेरीस पुष्पिका लिहीत. प्रत कोणी, केव्हा, कोठे आणि कोणासाठी केली, याची नोंद तीत असे. समोर जसे दिसले तसेच लिहिले, अशी ग्वाहीही ते देत. छायाचित्राची प्रत करणाऱ्यानेही हा धर्म पाळला पाहिजे. स्कॅनर चित्राची एकच बाजू पाहतो; पाठीवरची शाईतील ओळ, स्टुडिओचा शिक्का, अल्बममधील क्रम या गोष्टी वेगळ्या टिपल्या नाहीत, तर त्या हरवतात.

सर्वाधिक हानी होते ती स्त्रियांच्या नावांची. जुन्या समूहचित्राखाली पुरुषांची नावे आढळतात. स्त्रिया मात्र कोणाची तरी पत्नी किंवा आई म्हणून उभ्या असतात. विवाहानंतर नाव बदलण्याच्या प्रथेमुळे माहेरच्या चित्रातील मुलगी आणि सासरच्या चित्रातील सून या दोन निराळ्या व्यक्ती आहेत, असा समज पुढच्या पिढीत सहज होतो. त्यांना ओळखणारी घरातील शेवटची वृद्ध व्यक्ती गेली की उत्तम प्रतीही मुक्या होतात. म्हणून यंत्रापाशी बसण्याआधी त्या व्यक्तीपाशी बसावे. माहेरचे व सासरचे नाव, गाव, नाते आणि अंदाजे वर्ष लिहून घ्यावे.

संगणकाने डाग पुसता येतात, काळ्यापांढऱ्या चित्रात रंगही भरता येतात; पण साडीचा तो रंग निव्वळ तर्क असतो. पूर्वी स्टुडिओतील चित्रकारही हाताने रंग भरीत, मात्र त्यांची कुंचल्याची खूण बहुधा दिसे. म्हणून एक प्रत संस्काराविना, टिफसारख्या तपशील न गाळणाऱ्या स्वरूपात राखावी. जेपेग स्वरूपातील चित्र फेरफार करून पुन्हा पुन्हा साठविले, तर दर वेळी त्यातील काही अंश गळतो. प्रती दोन-तीन ठिकाणी असाव्यात आणि मूळ चित्र टाकून देऊ नये. उद्याचे अधिक सूक्ष्म यंत्र त्यातूनच काही नवे वाचील.

राजवाड्यांना घराघरांतून पत्रे मिळाली, कारण कोणीतरी ती जपली होती. त्या पत्रांवर निदान लिहिणाऱ्याचे नाव असे. छायाचित्रातील चेहऱ्याला त्याचे नाव आपणच जोडून द्यावयाचे आहे.