आधी दात, मग मासा

नागपूरच्या दक्षिणेला प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात मलेरी नावाचं गाव आहे. आज ते तेलंगणात येतं. तिथल्या तांबड्या चिकणमातीच्या थरांत एक चमत्कारिक दात सापडतो. तो सुळ्यासारखा नसतो आणि दाढेसारखाही नसतो. पंख्यासारखी पसरट, जाड तबकडी. आतली कड सरळ, आणि बाहेरच्या कडेला चार-पाच कंगोरे शिंगं फुटावीत तसे पुढे आलेले. वय साधारण बावीस कोटी वर्षं, तरी घासून झालेली झिलई स्पष्ट दिसते. हा दात फाडत नव्हता, भरडत होता.

नागपूरला राहणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी हे दात मिळवले. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज यांच्याच नावाचं. भारतीय भूविज्ञान सर्वेक्षणाचे थॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ मध्ये त्या दातांचं वर्णन छापलं आणि एका जातीला नाव दिलं सेराटोडस हिस्लॉपियानस. सेराटोडस हा वंश लुई अगासिझ यांनी वीसेक वर्षांपूर्वीच, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळच्या खडकांतल्या तशाच दातांवरून ठरवला होता. दातांपलीकडे हाती जवळजवळ काही नव्हतं. या प्राण्याचा बराचसा सांगाडा कूर्चेचा. तो कुजून जातो आणि तबकड्या उरतात. त्यामुळे हा शार्कच्या नात्यातला, केव्हाच नामशेष झालेला मासा असावा, असा समज होता.

इकडे दातांचा हा हिशेब चालू असताना तिकडे जिवंत प्राण्यावरून वेगळाच वाद रंगला होता. योहान नाटरर या ऑस्ट्रियन संग्राहकानं अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातून बामसारखा लांबट एक प्राणी व्हिएन्नाला नेला. त्याला खवले होते, आणि फुप्फुसंही होती. १८३७ मध्ये फिट्झिंगर यांनी त्याला लेपिडोसायरन हे नाव दिलं आणि बेलाशक सरपटणाऱ्या प्राण्यांत घातलं. दोनच वर्षांनी रिचर्ड ओवेन यांच्याकडे आफ्रिकेतल्या गॅम्बियाहून त्याचा भाऊबंद आला. फुप्फुसं असोत वा नसोत, हा मासाच, असं त्यांनी ठासून सांगितलं. डार्विननं १८५९ च्या आपल्या ग्रंथात ‘जिवंत जीवाश्म’ हा शब्दप्रयोग केला, तो प्लॅटिपस आणि याच लेपिडोसायरनच्या संदर्भात. म्हणजे ज्या वर्षी मलेरीच्या दाताला नाव मिळालं, त्याच वर्षी लंडनमध्ये त्याच्या जिवंत नातलगाची चर्चा चालली होती. दोन्ही टोकं एकाच दोरीची आहेत हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

ती गाठ सिडनीत बसली. गेरार्ड क्रेफ्ट हे तिथल्या ऑस्ट्रेलियन म्युझियमचे प्रमुख. विल्यम फॉर्स्टर या राजकारणी जमीनदारानं त्यांना क्वीन्सलँडमधल्या एका कूर्चेच्या कण्याच्या माशाबद्दल काही वर्षं आधीच सांगितलं होतं, पण क्रेफ्ट यांनी ते मानलं नव्हतं. १८७० च्या जानेवारीत नमुना हाती आला. जबडा उघडला, तर वर दोन आणि खाली दोन अशा त्याच कंगोऱ्यांच्या तबकड्या. दगडातला दात जिवंत तोंडात बसलेला होता! माझ्या मते जीवाश्मविज्ञानाच्या इतिहासातला हा सगळ्यात आनंदाचा क्षण असेल. क्रेफ्टनी जातीला फॉर्स्टरचं नाव दिलं, म्हणजे न मानलेल्या शब्दाची जाहीर भरपाई केली. गंमत अशी की त्यांनीही तो मासा न म्हणता ‘महाकाय उभयचर’ म्हणूनच जाहीर केला.

हिस्लॉप यांना हे कळलं नाही. १८६३ मध्येच टाकळघाट परिसरात ओढा ओलांडताना ते बुडून वारले. आणि खरं तर क्वीन्सलँडमधल्या बर्नेट आणि मेरी नद्यांच्या काठच्या मूळ रहिवाशांना हा मासा कधी हरवलेलाच नव्हता. गुब्बी गुब्बी लोक त्याला ‘दाला’ म्हणत. गोरे वसाहतवाले तर तो ताटात वाढून खात होते. शोध लागला तो पुस्तकाला, नदीकाठाला नव्हे.

हा मासा, लेपिडोसायरन आणि त्याचा गॅम्बियातला भाऊबंद, हे सगळे फुप्फुसमासे. आज त्यांच्या सहाच जाती उरल्या आहेत: चार आफ्रिकेत, एक दक्षिण अमेरिकेत, एक ऑस्ट्रेलियात. ऑस्ट्रेलियातल्याला एकच फुप्फुस. तो मुख्यतः कल्ल्यांवर जगतो आणि पाण्यातला प्राणवायू कमी पडला की वर येऊन हवा घेतो. बाकीच्या पाचांना दोन फुप्फुसं. त्यातल्या पूर्ण वाढलेल्या आफ्रिकी माशाला पाण्याखाली अडवून धरलं तर तो चक्क बुडून मरतो. फुप्फुसाची नळी अन्ननलिकेला खालच्या बाजूनं जोडलेली असते, आपल्यासारखीच. पोहताना तोल सांभाळणारा इतर माशांचा वाताशय आधी आणि फुप्फुस त्यातून घडलं, असं डार्विनला वाटे. आता क्रम उलटा मानतात: फुप्फुस जुनं, वाताशय त्याचं नंतरचं रूप. म्हणजे श्वास घेण्याची आपली ही सोय जमिनीवर आल्यावर सुचलेली नाही, ती पाण्यातूनच वारशानं आली.

या सोयीचा सगळ्यात कसून वापर आफ्रिकी प्रोटॉप्टेरस करतो. पाणी आटू लागलं की तो चिखल तोंडात घेत, कल्ल्यांवाटे मागे टाकत खाली जातो. तळाशी वळतो, तोंड वर करून अंगाची घडी घालतो, शेपटी डोक्यावर ओढून घेतो. अंगावरचा बुळबुळीत स्राव सुकून त्याचा पातळ, कागदासारखा कोश होतो; तोंडाशी तेवढं एक भोक राहतं. मग हृदयाचे ठोके मंदावतात आणि तो स्वतःच्या स्नायूंवर दिवस काढतो. पाण्यात असताना तो नायट्रोजनची घाण मुख्यतः अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो. इथं तो तिचा युरिया करून अंगातच साठवतो, कारण कोंडलेल्या जागेत अमोनिया विष ठरलं असतं. हे तंत्रही काल-परवाचं नाही: अमेरिकेत पर्मियन काळातल्या खडकांत अशी बिळं सापडली आहेत, आत ग्नॅथोरायझा नावाच्या फुप्फुसमाशासकट.

बेडूक, पाल, पक्षी, माणूस या सगळ्यांचा आज हयात असलेल्या माशांतला सर्वात जवळचा सोयरा सीलाकँथ की फुप्फुसमासा, हा वाद जनुकांच्या अभ्यासानं फुप्फुसमाशाच्या बाजूनं मिटवला. त्याचा जनुकसंच भला मोठा आहे: २०२१ मध्ये वाचलेला ऑस्ट्रेलियन माशाचा मानवाच्या सुमारे चौदापट, आणि २०२४ मधला लेपिडोसायरनचा जवळजवळ तीसपट.

इतक्या जुन्या घराण्यापुढची आजची अडचण साध्या गोष्टीची आहे. ऑस्ट्रेलियन फुप्फुसमासा उथळ पाण्यातल्या वनस्पतींवर एकेक अंडं चिकटवतो आणि निघून जातो. धरणाच्या जलाशयात पाणी खोल असतं आणि पातळी खाली-वर होते; तशी वनस्पती टिकत नाही, टिकली तरी अंडी उघडी पडून सुकतात. बर्नेटवर २००५ मध्ये पॅराडाइज धरण उभं राहिलं आणि त्यातल्या मासेवाटेचा वाद न्यायालयापर्यंत गेला. मेरी नदीवरचं ट्रॅव्हस्टन क्रॉसिंग धरण २००९ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री पीटर गॅरेट यांनी नामंजूर केलं; ज्या दुर्मिळ जातींसाठी ते केलं त्यांत हा मासा होता. तो निर्णय योग्यच होता, असं मला ठामपणे वाटतं. फसवणूक होते ती माशाच्या दीर्घायुष्यामुळे. शिकागोच्या शेड अ‍ॅक्वेरियममध्ये १९३३ साली आणलेला ‘ग्रँडडॅड’ २०१७ पर्यंत जगला. नदीत मोठे मासे दिसत राहतात, आणि पिल्लं होत नाहीत हे कित्येक वर्षं लक्षातच येत नाही. म्हणून संशोधक आता खवल्यांवरून वय काढतात. अणुचाचण्यांनी गेल्या शतकात हवेत वाढलेला किरणोत्सारी कार्बन त्या खवल्यांत नोंदला गेला आहे. कोणत्या पिढीचे मासे नदीत आहेत आणि कोणत्या पिढीचे नाहीत, हे त्यावरून तपासता येतं.