वाटेवरील गान आणि श्रवण : एक ऐतिहासिक विचार

नित्याच्या प्रवासात संगीत ऐकण्याची प्रथा यंत्रयुगाने निर्माण केली, असा एक समज रूढ आहे. यंत्रांच्या कालक्रमापुरता तो खराही आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीस आला. १९७९ मध्ये जपानी वॉकमनने श्रोत्याच्या कानापुरतेच संगीत मर्यादित केले. तथापि महाराष्ट्रातील या प्रथेचा विचार केवळ यंत्रांपासून आरंभणे इष्ट नव्हे.

परभणी जिल्ह्यातील गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मस्थान मानले जाते. शेगावहून पंढरपुरास जाणारी गजानन महाराजांची पालखीही याच गावी गोदावरी ओलांडते. दिंडीत वीणा, मृदंग व टाळ यांच्या साथीने अभंग चालतात. पाऊल तालावर पडते आणि ताल पावलांवर तोलला जातो. येथे चालणारा प्रत्येक जण गायक असतो. निव्वळ श्रोता असा कोणी उरत नाही.

मुंबईच्या उपनगरी गाडीने हीच परंपरा निराळ्या चौकटीत बसविली. बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी धावू लागली. घर व कामाचे ठिकाण यांतील अंतर वाढत गेले, तसा दररोजचा प्रवास हा नोकरदारांच्या आयुष्याचा अटळ भाग झाला. ठरावीक गाडीच्या ठरावीक डब्यात जमणारी भजनी मंडळे या परिस्थितीतून उभी राहिली. दिंडीत मुक्कामाची वेळ मंडळींच्या चालीवर अवलंबून असते. येथे मात्र भजन कोठे थांबावयाचे, हे रेल्वेचे वेळापत्रक ठरविते. शिवाय डब्यातील प्रत्येक प्रवासी भजनासाठी आलेला नसतो. एकाची भक्ती दुसऱ्याच्या विश्रांतीत व्यत्यय आणू शकते. कानाच्या यंत्राने हा पेच सोडविला, हे मान्य करणे प्राप्त आहे.

यावरून पूर्वी सामुदायिकता होती व आता एकाकीपणा आला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. जनाबाईंचे उदाहरण त्यास आड येते. पंढरपुरास नामदेवांच्या घरी त्या दासी म्हणून राबल्या. त्यांच्या नावे प्रचलित असलेल्या अभंगांत दळणकांडणाचे संदर्भ वारंवार येतात. जात्यावरची ओवी हे देवळातील कीर्तन नव्हे, तर घराच्या कोपऱ्यातील श्रमाचे गाणे होय. एकाकी संगीत म्हणून नवे नाही. मात्र जाते बहुधा दोघींनी ओढावयाचे. जनीच्या आख्यायिकेत दुसरा हात विठ्ठलाचा आहे. एकटेपणातही सोबत कल्पिलेली आहे, आणि स्वर दळणारणीच्या स्वतःच्या कंठातून उमटतो.

खरा बदल समूहाकडून व्यक्तीकडे झालेला नसून गाणाऱ्याकडून ऐकणाराकडे झालेला आहे. आजचा प्रवासी पूर्वीच्या कोणत्याही वारकऱ्यापेक्षा अधिक विविध संगीत ऐकतो. परंतु वाटेचे श्रम हलके करण्याचे काम त्याने परक्या कंठाकडे सोपविले आहे. प्रवासातील संगीताच्या अभ्यासात म्हणूनच साधन कोणते, याहून वाटेवर कोण गातो आणि कोण ऐकतो, हा प्रश्न अधिक मूलगामी ठरतो.