ऑटिझमवरच्या वैज्ञानिक परिषदा : ‘परिषदेत मांडलं’ म्हणजे ‘सिद्ध झालं’ का?

समजा, तुम्ही दिघा गाव स्टेशनवर ठाणे-वाशी लोकलची वाट पाहत उभे आहात. सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज येतो : ‘आंतरराष्ट्रीय परिषदेत मोठा शोध, ऑटिझमवर उपचार सापडला, गरजू पालकांपर्यंत पोहोचवा.’ सोबत कोट घातलेल्या डॉक्टरांचा फोटो आणि खाली एक मोबाइल नंबर. ग्रुपमधल्या एखाद्या घरात तीन वर्षांचं मूल अजून बोलत नसतं. त्या घरासाठी हा मेसेज साधा फॉरवर्ड नसतो.

ऑटिझमच्या जैविक कारणांवर जगभर गंभीर संशोधन सुरू आहे आणि त्यावर दरवर्षी परिषदाही भरतात. पण परिषदेत मांडलेली गोष्ट आणि मुलाला देता येईल असा उपचार यांच्यात मोठं अंतर असतं. ते अंतर किती, हे समजून घेऊया.

ऑटिझम म्हणजे काय?

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. हा मेंदूच्या विकासातला फरक आहे, संसर्गानं होणारा आजार नाही. इतरांशी संवाद साधणं, नजरेला नजर देणं, खेळात सामील होणं या गोष्टी वेगळ्या पद्धतीनं होतात. काही हालचाली किंवा शब्द पुन्हा पुन्हा केले जातात, आवाज-स्पर्श-उजेड यांचा त्रास जास्त किंवा कमी जाणवतो. एखादं मूल अजिबात बोलत नाही, तर एखादं भरपूर बोलतं पण समोरच्याचा सूर त्याला पकडता येत नाही. म्हणूनच ‘स्पेक्ट्रम’ हा शब्द वापरला जातो.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये काम करणाऱ्या लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांच्या निरीक्षणांवर निबंध लिहिला आणि ऑटिझमला वेगळी ओळख मिळाली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्परगर यांनी अशाच मुलांबद्दल लिहिलं. त्याआधी, १९२० च्या दशकात, सोव्हिएत मानसोपचारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेव्हा यांनी अशी वर्णनं केली होती, पण ती बराच काळ दुर्लक्षित राहिली.

जैविक संशोधनाची गरज का पडली?

कारण त्याआधी दोष आईवर टाकला जात होता. १९५० आणि ६० च्या दशकांत ‘रेफ्रिजरेटर मदर’ ही कल्पना पाश्चात्त्य देशांत प्रचलित होती. आई थंड, माया न करणारी असल्यामुळे मूल असं झालं, असं तज्ज्ञच सांगत. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानं, ज्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता, पुस्तक लिहून या कल्पनेला आव्हान दिलं आणि कारण जैविक असल्याची मांडणी केली.

१९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांचा जुळ्या मुलांवरचा अभ्यास आला. त्यात जुळ्यांच्या २१ जोड्या होत्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुलांना ऑटिझम होता. वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत असं एकदाही आढळलं नाही. एकाच घरात, एकाच आईच्या हातून वाढलेल्या मुलांमध्ये हा फरक दिसल्यानं आनुवंशिकतेकडे लक्ष वळलं.

त्यानंतर चित्र बरंच स्पष्ट झालं. २०१९ मध्ये डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया इथल्या सुमारे २० लाख मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ऑटिझम कोणाला असतो आणि कोणाला नसतो, या फरकात सुमारे ८० टक्के वाटा आनुवंशिक घटकांचा असल्याचा अंदाज त्यातून निघाला. २०२० मध्ये ३५ हजारांहून अधिक लोकांच्या जनुकीय माहितीतून ऑटिझमशी संबंध असलेली १०२ जनुकं समोर आली.

म्हणजे ‘ऑटिझमचं जनुक’ असं एकच काही नाही. अनेक जनुकांचे छोटे-मोठे परिणाम एकत्र येतात आणि काही बदल तर आई-वडिलांत नसतात, मुलातच नव्यानं झालेले असतात. त्यामुळे ‘कोणाच्या घराण्यातून आलं?’ हा आपल्याकडे हमखास निघणारा वाद निरर्थक आहे.

या परिषदांमध्ये काय होतं?

ऑटिझम संशोधनाची सर्वांत परिचित वार्षिक परिषद ‘इन्सार’ ही आंतरराष्ट्रीय संस्था भरवते. पहिली परिषद २००१ मध्ये सॅन डिएगोला झाली. अलीकडे ती २०२३ मध्ये स्टॉकहोम, २०२४ मध्ये मेलबर्न आणि २०२५ मध्ये सिएटलला भरली. जनुकं, मेंदूची प्रतिमाचित्रं, लहान बाळांचा विकास, प्रौढ ऑटिस्टिक व्यक्तींचं आरोग्य, पालकांसाठीचे कार्यक्रम असे विषय तिथे असतात.

अशा परिषदेसाठी संशोधक काही महिने आधी आपल्या कामाचा छोटा सारांश पाठवतात. तज्ज्ञ तो वाचून निवड करतात. काहींना व्यासपीठावर बोलायला मिळतं, बाकीचे पोस्टर लावून त्याशेजारी उभे राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. बरंचसं काम तेव्हा अर्धवट असतं. ते इतर संशोधकांसमोर ठेवायचं, चुका काढून घ्यायच्या, हाच परिषदेचा उद्देश असतो.

इथे निवडीच्या वेळी तपासला जातो तो फक्त सारांश. सगळी आकडेवारी आणि पद्धत यांची छाननी त्या वेळी होत नाही. ती नंतर होते, संपूर्ण शोधनिबंध एखाद्या नियतकालिकाकडे जातो तेव्हा. आणि सगळे सारांश तिथवर पोहोचत नाहीत. वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०१८ मध्ये विविध वैद्यकीय विषयांच्या परिषदांमधले तीन लाखांहून अधिक सारांश धरून हिशेब मांडला. त्यांपैकी पूर्ण निबंध म्हणून प्रसिद्ध झाले फक्त ३७.३ टक्के.

छापून येणं हाही शेवटचा शब्द नसतो. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा, अवघ्या १२ मुलांवरचा १९९८ चा निबंध ‘लॅन्सेट’सारख्या नामांकित नियतकालिकात छापला गेला होता. २०१० मध्ये तो मागे घेण्यात आला. पुढे २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या अभ्यासात गोवर-गालगुंड-रुबेला लसीमुळे ऑटिझमचा धोका वाढल्याचं दिसलं नाही. तरी लशीची भीती आजही फॉरवर्ड होते.

आशादायक वाटलेल्या औषधांचं पुढे काय झालं?

सिक्रेटिनचं उदाहरण बोलकं आहे. हे पचनाशी संबंधित संप्रेरक. १९९८ मध्ये फक्त तीन मुलांवरचा अहवाल आला की हे दिल्यावर त्यांची नजर आणि बोलणं सुधारलं. बातमी टीव्हीवर गेली आणि पालकांची झुंबड उडाली. पुढच्याच वर्षी ६० मुलांवर नियंत्रित चाचणी झाली. निम्म्यांना सिक्रेटिन, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि कोणाला काय मिळालं हे पालकांनाही माहीत नाही. दोन्ही गटांत फरक निघाला नाही. तरीही निकाल कळल्यानंतर ६९ टक्के पालकांनी आपल्याला सिक्रेटिनमध्ये अजूनही रस असल्याचं सांगितलं. पुढे १६ चाचण्या आणि ९०० हून अधिक मुलांचा एकत्र विचार केल्यावरही फायद्याचा पुरावा मिळाला नाही.

ब्युमेटनाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाचे सुरुवातीचे छोटे अभ्यास आशादायक होते. चारशेहून अधिक मुलांवरच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्या २०२१ मध्ये परिणाम न दिसल्यानं थांबवण्यात आल्या. ऑक्सिटोसिनच्या नाकातल्या फवाऱ्याचंही तेच. त्याच वर्षी २९० मुलांवरच्या चाचणीत सामाजिक वागण्यात फायदा आढळला नाही.

मूल वाढतं, शिकतं, घरचे जास्त लक्ष देऊ लागतात, सोबत थेरपीही चालू असते. त्यामुळे काहीही दिलं तरी सहा महिन्यांत थोडी सुधारणा दिसतेच. ती औषधामुळे झाली की तशीही झाली असती, हे तुलनेचा दुसरा गट असल्याशिवाय कळत नाही. ‘आधी’ आणि ‘नंतर’चे व्हिडिओ म्हणूनच पुरावा ठरत नाहीत.

स्टेम सेल थेरपीचं काय?

भारतात पालकांना मोठ्या खर्चात पाडणारा हा दावा. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात नाळेतल्या रक्ताच्या पेशी वापरून १८० मुलांवर नियंत्रित चाचणी झाली. २०२० च्या निकालानुसार सामाजिक कौशल्यांत अपेक्षित सुधारणा दिसली नाही. एक छोटा प्राथमिक अभ्यास त्याआधी आशादायक वाटला होता.

आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळानं डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं की ऑटिझमवर स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही आणि असा उपचार देणं किंवा त्याची जाहिरात करणं व्यावसायिक गैरवर्तन मानलं जाईल. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मान्यता नसलेल्या आजारांत स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणजे ‘हे संशोधन आहे’ असं सांगून कोणी लाखांचं पॅकेज देत असेल, तर तिथेच थांबायला हवं.

मग संशोधनाचा उपयोग काय?

उपयोग आहे, पण तो चमत्कारासारखा दिसत नाही. फ्रॅजाइल एक्स, रेट सिंड्रोम यांसारख्या काही अवस्थांमध्ये जनुकीय कारण सापडतं. ते कळलं की फिटसारख्या सोबतच्या त्रासांवर लक्ष ठेवता येतं, पुढच्या बाळंतपणाआधी सल्ला घेता येतो. बाकी बहुतेक मुलांचं निदान आजही रक्ततपासणीनं किंवा एमआरआयनं होत नाही. वागणं पाहून, पालकांशी बोलूनच ते होतं. भारतात प्रमाणपत्रासाठी वापरला जाणारा ‘आयएसएए’ हा ४० मुद्द्यांचा मापदंडही निरीक्षण आणि मुलाखतीवरच चालतो.

आपल्या जवळचं एक चांगलं उदाहरण गोव्यातलं आहे. तिथल्या ‘संगथ’ या संस्थेनं गोवा आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीमध्ये मिळून ‘पास’ नावाची चाचणी केली. २ ते ९ वयोगटातली ६५ मुलं होती. प्रशिक्षण दिलेल्या, पण तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांनी पालक आणि मूल खेळत असतानाचा व्हिडिओ काढला आणि पालकांसोबत बसून तो पाहिला. मूल कुठे संवाद सुरू करू पाहतं आणि आपण कुठे घाई करतो, हे पालकांनाच दिसू लागलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलं स्वतःहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. प्रत्येक मापात सुधारणा झाली नाही आणि तेही निबंधात नोंदवलं गेलं. खऱ्या संशोधनाची ही एक खूण असते.

असा मेसेज आला तर काय विचाराल?

• अभ्यास किती जणांवर झाला? माणसांवर झाला की उंदरांवर?
• तुलनेसाठी दुसरा गट होता का?
• परिषदेतला सारांश आहे की पूर्ण निबंध?
• दुसऱ्या कोणी तो प्रयोग करून तसाच निकाल मिळवला का?
• भारतात चाचणी सुरू असेल तर तिचा ‘सीटीआरआय’ नोंदणी क्रमांक काय? ही नोंद कोणालाही मोफत पाहता येते.
• सांगणारा तेच विकतोय का?

दिघा-ऐरोली परिसरात कुठे जायचं?

मूल वर्षाचं होऊनही नावाला प्रतिसाद देत नसेल, दीड वर्षाचं होऊनही बोटानं काही दाखवत नसेल किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ असं म्हणून थांबू नका. आधी बालरोगतज्ज्ञांना भेटा, ऐकण्याची तपासणी करून घ्या आणि विकासात्मक तपासणीसाठी चिठ्ठी मागा.

दिघ्याहून थेट लोकलनं पोहोचता येईल अशा वाशीत नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे. खारघरला केंद्र सरकारच्या ‘एनआयईपीआयडी’ संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. मुंबईत २००१ पासून ‘उम्मीद’ ही संस्था बालविकासावर काम करते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. त्यामुळे दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढता येतं. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य कवच मिळतं आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो.

लहान वयातला वेळ आणि घरातला पैसा, दोन्ही मर्यादित असतात. ते स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, शाळा आणि घरच्या खेळात गेले तर मुलाच्या पदरात काही पडतं. परिषदा भरत राहतील आणि एखाद्या वर्षी खरोखर मोठी बातमीही येईल. तेव्हा ती या प्रश्नांना उत्तर देऊ शकेल. तोवर तो मेसेज पुढे पाठवण्याआधी ग्रुपमधल्या त्या एका घराचा विचार करा.