वॉशिंग्टन : एका इंग्रजी आडनावाचा प्रवास

१/ जॉर्ज वॉशिंग्टन यांना स्वतःचे अपत्य नव्हते. तरीही २००० च्या अमेरिकी जनगणनेत हे आडनाव लावणारे सुमारे १ लाख ६३ हजार लोक आढळले आणि त्यांतील ९० टक्के कृष्णवर्णीय होते. हे कसे घडले?

२/ मूळ इंग्लंडमधील डरहॅमचे. विल्यम द हर्टबर्न याने आपले गाव डरहॅमच्या बिशपला देऊन वॉशिंग्टन हे गाव घेतले. ११८३ च्या ‘बोल्डन बुक’ या महसुली नोंदवहीत या अदलाबदलीची नोंद आहे. गावासोबत आडनावही बदलले, आपल्या नगरकर-सातारकरांसारखेच.

३/ याच घराण्यातील जॉन वॉशिंग्टन १६५७ च्या सुमारास व्हर्जिनियात स्थायिक झाले. जॉर्ज हे त्यांचे पणतू.

४/ १८६५ मध्ये गुलामगिरी संपली. मुक्त झालेला बुकर नावाचा मुलगा शाळेत गेला. हजेरीच्या वेळी आडनाव विचारताच त्याने ‘वॉशिंग्टन’ असे सांगितले. हेच पुढे विख्यात झालेले शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन.

५/ म्हणून हे सर्व जॉर्ज यांच्या गुलामांचे वंशज, असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. अनेकांनी हे आडनाव स्वतः निवडले. मालकाच्या मालमत्तेच्या यादीत ज्यांची नोंद बहुधा केवळ पहिल्या नावाने होई, त्यांच्यासाठी हजेरीपटावरचे आडनाव ही स्वातंत्र्याची खूण होती.