'तरच' या अव्ययाचा इतिहास : जुन्या बसगाड्यांचे वाचन

अमेरिकेतील ग्रेहाउंड कंपनीसाठी जनरल मोटर्सने १९५४ ते १९५६ या काळात 'सीनिक्रूझर' नावाच्या १००१ बसगाड्या बांधल्या. दीड मजली, दहा चाकांची, पन्हळी अॅल्युमिनियमच्या पत्र्याने झळाळणारी ही गाडी. रेमंड लोवी या प्रख्यात अभिकल्पकाचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. युद्धोत्तर अमेरिकेच्या समृद्धीचे चिन्ह म्हणून तिच्याकडे पाहिले गेले, आणि बाहेरून पाहता ते चिन्ह कोणालाही वाचता येते. चालकाच्या आसनावर बसले की मात्र ही सुबोधता संपते. डाव्या हाताशी खटक्यांची रांग, हवेचा दाब दाखवणारी तबकडी, ओढायच्या व दाबायच्या मुठी, पायाखाली दिव्यांचा झोत खाली-वर करणारे गोल बटण. त्यांतील काहींची नावे पुसट झालेली, काहींना ती कधी नव्हतीच. आज रस्त्यावरची कोणतीही गाडी सराईतपणे चालवणारा मनुष्य या आसनावर निरक्षर ठरतो.

ही निरक्षरता नेमकी कशाची आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. जुनी यंत्रे जपणाऱ्यांपुरताच तो मर्यादित आहे असे मला वाटत नाही. ज्या संहितेची भाषा बोलणारी माणसे निघून गेली, ती संहिता कशी वाचावी, हा आपल्याही अभ्यासातला प्रश्न आहे. येथे फरक एवढाच, की चुकीच्या वाचनाची किंमत हाडामांसात मोजावी लागते.

प्रारंभीच एक भेद करणे आवश्यक आहे. यंत्रावरील काही साधने आज्ञा देतात : दिवा लाव, इंजिन सुरू कर, दार उघड. दुसऱ्या प्रकारची साधने अट घालतात. अमुक झाले असेल तरच तमुक होईल, अन्यथा होणार नाही. या दुसऱ्या प्रकाराला इंटरलॉक म्हणतात. हा शब्द रूढ झाला तो रेल्वेमुळे. रुळांचे काटे आणि सिग्नल एकमेकांशी विसंगत राहू नयेत यासाठी त्यांची हालचाल एकत्र बांधण्याचे पेटंट इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी यांनी १८५६ साली घेतले. पुढे हीच कल्पना ट्रामवर आली. १९१६ च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स बर्नी यांची एकाच कर्मचाऱ्याने चालवायची छोटी ट्राम निघाली. तिच्या चालकाचा हात मुठीवरून सुटला की वीज तुटे आणि ब्रेक लागे. चालकाला भोवळ आली तर काय, या प्रश्नाचे उत्तर त्या मुठीत घडवलेले होते. शहरी बसचे मागचे दार उघडे असताना ब्रेक धरून ठेवणारी योजना याच कुळातली.

आज्ञा देणारे साधन अनोळखी असले तरी वापरून कळते. अट घालणारे साधन तसे कळत नाही, कारण सुरळीत प्रसंगी ते मौन असते. त्याचे अस्तित्व जाणवते ते गाडी नकार देते तेव्हा. आणि नकाराचे कारण ज्याला ठाऊक नाही, त्याला तो बिघाड वाटतो.

एक उदाहरण घेऊ. त्याच काळातील जनरल मोटर्सच्या काही लांब पल्ल्याच्या गाड्यांत मागे जाण्याच्या गिअरला दांड्याची स्वतंत्र जागा नव्हती. चालकाने एक छोटा विजेचा खटका दाबायचा, आणि मग दांडा पुढे जाण्याच्याच एका गिअरच्या जागी न्यायचा. खटका दाबलेला असेल तर गाडी मागे जाणार, नसेल तर पुढे. हाताची हालचाल तीच, अर्थ मात्र नेमका उलट. संदर्भाने अर्थ बदलणारे शब्द आपल्याला नवे नाहीत; पण येथे तो संदर्भ बोटाएवढ्या खटक्यात सामावलेला आहे. इंजिन व गिअरपेटी पार मागे, चालक पुढे, मधले अंतर दहा मीटरच्या घरातले. लोखंडी दांड्यांच्या इतक्या लांब साखळीत आणखी एक हालचाल बसवण्यापेक्षा विजेच्या तारेने काम भागवणे सोयीचे होते. शिवाय या रचनेत चुकून मागचा गिअर पडण्याची शक्यता उरत नाही. ज्याला हे ठाऊक नाही तो दांडा चहूबाजूंना ढकलून पाहतो, आणि शेवटी 'हिला रिव्हर्सच नाही' असा निष्कर्ष काढतो.

याहून अर्थपूर्ण साधन म्हणजे 'इमर्जन्सी स्टॉप'चा खटका. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, त्यामुळे ते थांबवायचे तर इंधन तोडावे लागते. नेहमीच्या खटक्याने तेच होते. मग आणखी एक खटका कशासाठी? याचे उत्तर त्या काळच्या डेट्रॉइट डिझेल इंजिनाच्या स्वभावात आहे. हे इंजिन दोन फेऱ्यांच्या चक्राचे, म्हणजे टू-स्ट्रोक. त्यात हवा ढकलण्यासाठी यांत्रिक पंखा, ब्लोअर, असे. इंधन सोडणारी यंत्रणा अडकली, किंवा गळक्या सीलमधून वंगणाचे तेल हवेबरोबर आत ओढले गेले, तर इंजिन चालकाचे ऐकेनासे होई. इंधन तोडले तरी ते स्वतःचेच वंगण जाळत, वेग वाढवत, अखेर फुटेपर्यंत पळू शके. अशा इंजिनाला थांबवण्याचा एकच मार्ग उरतो : त्याचा श्वास कोंडणे. तो खटका दाबला की ब्लोअरच्या तोंडावर झडप पडते व हवा बंद होते.

या झडपेची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. ती चालकाच्या जागेवरून बंद होते, पण पुन्हा उघडण्यासाठी मागे जाऊन, इंजिनाचे कवाड उघडून, हाताने पूर्ववत करावी लागते. रचनाकाराचा हेतू काहीही असो, परिणाम असा होतो की इंजिन का उधळले हे पाहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. नवखा मनुष्य मात्र 'स्टॉप' हा शब्द वाचतो आणि रोज इंजिन बंद करायला हाच खटका वापरू लागतो. त्याने ब्लोअरच्या सीलवर नको तो ताण येतो. म्हणजे ज्या संकटावरचा उपाय म्हणून ही झडप बसवली, त्याच संकटाला निमंत्रण मिळते. दुसऱ्या दिवशी झडप पडलेलीच राहिल्यामुळे इंजिन सुरू होत नाही, आणि दोष बॅटरीला दिला जातो. येथे शब्द अचूक वाचला गेला आहे. हुकला आहे तो त्याआधीचा 'इमर्जन्सी', म्हणजे तो शब्द कोणत्या प्रसंगी उच्चारायचा ही जाण.

खरा धोका आपल्याला परिचित वाटणाऱ्या साधनांत असतो. मराठी माणसाने हिंदीतील 'शिक्षा' हा शब्द प्रथम ऐकला की त्याच्या डोळ्यांसमोर छडी उभी राहते, शाळा नव्हे. रूप तेच, अर्थ वेगळा. बसमध्ये असे फसवे शब्द पुष्कळ आहेत. इंग्लंडमध्ये डेमलर कंपनीने १९३० च्या सुमारास वॉल्टर विल्सन यांची पूर्वनिवडीची गिअरपेटी द्रवचक्राशी जोडून वापरात आणली. (हेच विल्सन पहिल्या महायुद्धातील रणगाड्याच्या जनकांपैकी एक.) या गाडीत चालक सुकाणूजवळच्या छोट्या दांड्याने पुढचा गिअर आधी निवडून ठेवतो. गिअर बदलतो तो मात्र डाव्या पायाखालचे पेडल पूर्ण दाबून सोडल्यावर. हे पेडल अगदी क्लचच्या जागी असते, क्लचसारखेच दिसते. पण ते क्लच नव्हे. स्प्रिंगवर चालणाऱ्या रचनेत ते अर्धवट दाबले तर गिअर नीट बसत नाही, आणि पेडल नेहमीच्या जागेच्याही वर, जोरात उसळून येते. चालकांचे गुडघे त्याने दुखावले आहेत. पुढे १९५१ ते १९५३ या काळात लंडनसाठी बांधलेल्या आर. एफ. गाड्यांत, ज्यांतील कित्येक 'ग्रीन लाइन' या लांब पल्ल्याच्या सेवेत धावल्या, हेच काम दाबलेल्या हवेकडे सोपवले गेले. एकाच ग्रंथाच्या दोन प्रती म्हणाव्यात अशा या रचना आहेत. एकीचा अनुभव दुसरीला जसाच्या तसा लावता येत नाही.

ब्रेकच्या बाबतीत तर व्याकरणच बदलले. जुन्या बसमध्ये दाबलेली हवा ब्रेक लावण्याचे काम करी. हवा गेली की ब्रेक गेला, आणि उरे तो केवळ हातब्रेक. म्हणून हवेचा दाब घसरू लागला की चालकाच्या नजरेसमोर एक छोटा हात खाली पडे. दाब पुरेसा झाल्यावाचून तो हात वर ठेवू म्हटले तरी राहत नसे. पुढे स्प्रिंगचे ब्रेक आले आणि वाक्याची रचना उलटली. आता बळकट स्प्रिंग ब्रेक लावून ठेवते, हवा तिला मागे रेटून धरते; हवा गेली की गाडी आपोआप जखडली जाते. अपयशातच सुरक्षितता ठेवण्याचा हा विचार जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी रेल्वेच्या ब्रेकमध्ये १८७२ सालीच आणला होता. रस्त्यावर तो सार्वत्रिक व्हायला शंभर वर्षे गेली. अमेरिकेत ट्रक-बसच्या हवाब्रेकांसाठी केंद्रीय मानक अमलात आले ते १९७५ साली.

या दोन युगांच्या मध्ये काही विलक्षण रचना होऊन गेल्या. डी. डी. ३ या नावाच्या ब्रेकमध्ये हवा ब्रेक लावी आणि मग छोटे रूळ दांड्याला यांत्रिकपणे कुलूप घालीत. तो सोडवायचा तर मूठ आत दाबणे पुरेसे नसे. त्यानंतर पायाचा ब्रेकही दाबावा लागे, तेव्हा कुलूप सुटे. आजच्या सवयीचा चालक मूठ दाबतो, गाडी हलत नाही, म्हणून इंजिनाचा जोर वाढवतो. याउलट, त्याहून जुन्या गाडीत बसलेला मनुष्य हवेच्या ब्रेकवर विसंबून गाडी उतारावर सोडून जातो; तासाभरात हवा झिरपते आणि गाडी निघते. दोघांनीही आपल्या काळाचे व्याकरण दुसऱ्या काळावर लादलेले असते.

मग अशी गाडी वाचावी कशी? येथे पाठचिकित्सेची आठवण होणे अपरिहार्य आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केले. प्रतींची तुलना, प्रक्षेपांचा शोध, सोपा पाठ संशयाने पाहणे ही तिची शिस्त येथेही उपयोगी पडते. प्रथम गाडी निर्धोक करायची : सपाट जागा, चाकांना उटी, मग बॅटरी सोडवलेली. इंजिन मागे असलेल्या अनेक गाड्यांत मागच्या बाजूलाही सुरू करण्याचे बटण असते. त्याच्या जोडीचा खटका पुढच्या चालकाकडून तो अधिकार काढून घेतो, म्हणजे मेकॅनिकचा हात आत असताना कोणी पुढून इंजिन सुरू करू शकत नाही. हा खटका कोठे आहे हे आधी शोधावे. त्यानंतर कोणतीही मूठ ओढून न पाहता तिच्यामागची तार किंवा नळी दुसऱ्या टोकापर्यंत माग काढीत जावे. वाक्याचे कर्म सापडले की क्रियापद कळते. त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची देखभाल-पुस्तिका पाहावी, आणि शक्य तर तिची भावंडगाडी. प्रक्षेपांचे भान ठेवावे : निवृत्त बसचे फिरते घर करताना नव्या मालकाने जुन्याच भोकात भलताच खटका बसवलेला असतो, नाव मात्र जुनेच राहते. आणि काही पाने जाणत्याच्या सोबतीवाचून उघडूच नयेत. स्प्रिंगब्रेकच्या डब्यात दाबून बसवलेली स्प्रिंग पट्टा सैल करताच सुटून माणसे दगावली आहेत.

अर्थात सर्वच अटी लोखंडात लिहिलेल्या नसतात. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) अशी पहिली एस. टी. धावली. या एस. टी.च्या संस्कृतीत कंडक्टरची दोरी हीच इंटरलॉक होती. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ. 'डबल बेल' मिळाल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही, हा नियम कोणत्याही झडपेत नव्हता. तो दोन माणसांमधील विश्वासात होता. अशा गाडीत बसून कोणी कितीही तारा शोधल्या तरी ही अट त्याला सापडणार नाही. ती सांगायला माणूसच लागतो.

आणि नेमकी हीच माणसे आता कमी होत चालली आहेत. जुन्या गाड्या जपणारे अनेक जण प्रामाणिक प्रेमाने जपतात. पण एखादा इंटरलॉक वारंवार आडवा येऊ लागला की त्याला वळसा घालणारी तार जोडण्याचा मोह होतो. गाडी 'चालू' होते. दर्शनी रूपात काहीही उणे होत नाही. रंग, चिन्ह, आसने सारे मूळचे राहते. नाहीसे झालेले असते ते एक 'तरच'. ते अव्यय कोणत्यातरी उधळलेल्या इंजिनाने, उतारावर सुटलेल्या गाडीने किंवा दारात अडकलेल्या पायाने त्या यंत्रात लिहिले होते. त्या घटनांची नोंद अन्यत्र कदाचित कोठेही राहिलेली नसेल. म्हणून अनोळखी मूठ समोर आली की 'याने काय होते' या प्रश्नाइतकाच 'हे काय होऊ देत नाही, आणि कोणाच्या भीतीने' हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर मिळेपर्यंत हात मुठीपासून दूर ठेवणे हेही वाचनच आहे.