पेन ड्राइव्हवरून सर्व्हर सुरू करण्याची रीत

जुन्या कॉम्प्युटरमध्ये चार हार्ड डिस्क बसवून घरचा स्टोरेज सर्व्हर उभारणाऱ्याला एक सल्ला वर्षानुवर्षे मिळत आला: डिस्क सगळ्या डेटासाठी ठेवा, सिस्टिम पेन ड्राइव्हवर टाका. वरकरणी ही काटकसर वाटते. पण या रीतीचे मूळ फायरवॉलमध्ये आहे.

मॅन्युएल कॅस्पर यांनी २००३ मध्ये फ्रीबीएसडीवर आधारलेली ‘मोनोवॉल’ ही फायरवॉल लोकांपुढे आणली. ती छोट्या पेट्यांवर कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डावरून चाले. हे कार्ड कॉम्प्युटरला साध्या हार्ड डिस्कसारखेच दिसते. सुरू होताना सगळी सिस्टिम कार्डावरून रॅममध्ये उतरे आणि पुढे कार्डाला काम उरत नसे. सेटिंग्ज एकाच एक्सएमएल फाइलमध्ये असत. त्या बदलल्या, तरच कार्डावर काही लिहिले जाई.

२००५ मध्ये ऑलिव्हिए कोशार-लाबे यांनी हाच सांगाडा घेऊन त्यावर फाइल शेअरिंग बसवले आणि ‘फ्रीनॅस’ जन्माला आले. सुरुवातीची सिस्टिम ३२ एमबीत मावे. एवढ्याशासाठी मदरबोर्डचे एक साटा पोर्ट कोण अडवणार? पेन ड्राइव्ह पुरे होता. त्याच सुमारास आलेल्या ‘अनरेड’नेही पेन ड्राइव्हवरून रॅममध्ये उतरण्याचाच मार्ग धरला. त्याने तर परवानाही पेन ड्राइव्हच्या ओळखक्रमांकाशी बांधला.

२०११ च्या फ्रीनॅस ८ पर्यंत हा हिशेब टिकला. ती आवृत्ती नॅनोबीएसडी पद्धतीवर होती: पेन ड्राइव्हवर सिस्टिमच्या दोन जागा, एक चालू, दुसरी अपडेटसाठी, आणि चालू जागा फक्त वाचण्यापुरती उघडी.

डिसेंबर २०१४ मधल्या फ्रीनॅस ९.३ ने गणित बदलले. आता बूट ड्राइव्हवरही झेडएफएस ही फाइल सिस्टिम आली. सोय मोठी होती: अपडेट बिघडले, तर बूट मेनूतून आधीची सिस्टिम निवडा आणि पुढे चला. पण ड्राइव्ह आता लिहिण्यासाठी कायम उघडा राहिला आणि त्यावरचे लेखन वाढले.

फ्लॅश मेमरीची अडचण इथेच आहे. तिच्यात थोडेसे बदलायचे असले, तरी जुनी जागा पुन्हा वापरण्यापूर्वी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि प्रत्येक पुसण्याने तो झिजतो. एसएसडीचा कंट्रोलर ही झीज सगळीकडे वाटून देतो. स्वस्त पेन ड्राइव्हमध्ये ही व्यवस्था जेमतेम असते आणि तब्येत सांगणारी स्मार्ट माहितीही बहुधा मिळत नाही. त्यामुळे कुरबुर न करता चाललेला ड्राइव्ह एका रीस्टार्टनंतर उठतच नाही. दोन पेन ड्राइव्हचा मिरर हा तोडगा निघाला, पण झिजणारे दोन्हीच. फ्रीनॅसचे पुढे ट्रूनॅस झाले आणि आता तिथे किमान १६ जीबीचा एसएसडी सांगितला जातो.

म्हणून ड्राइव्ह निवडण्याआधी एवढेच विचारा: तुमची सिस्टिम सुरू झाल्यावर त्यावर लिहिते का? रॅममध्ये उतरून मोकळी होत असेल, तर चांगला पेन ड्राइव्ह आजही चालतो. लिहीत असेल, तर सर्वांत लहान, स्वस्त साटा एसएसडी घ्या. मोठ्याचा उपयोग नाही, कारण ट्रूनॅस बूट ड्राइव्हवर डेटा ठेवू देत नाही. आणि दोन्ही बाबतींत सेटिंग्जची फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. ती हाताशी असली, की मेलेला बूट ड्राइव्ह बदलणे हे तासाभराचे काम असते. डेटाच्या डिस्कना त्याची झळ लागत नाही.