युद्धकाळातील परंधाम

पवनारच्या परंधाम आश्रमाच्या इतिहासाचा एक धागा आपल्या धुळ्यात सापडतो. 21 फेब्रुवारी ते 19 जून 1932 या काळात धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. बाराव्या अध्यायाचे विवरण करताना त्यांनी लक्ष्मण आणि भरत यांच्या रूपाने भक्तीचे दोन प्रकार मांडले. पुढे 1938 मध्ये, खालावलेली प्रकृती सावरण्यासाठी, ते धाम नदीकाठच्या जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहावयास आले. व्यायाम म्हणून रोज थोडे खणू लागले आणि त्या जमिनीतून भरत-राम भेटीचे प्राचीन शिल्प वर आले.

ही जागा मात्र जगापासून अलिप्त राहिली नाही. 3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीयांना न विचारता देशाला युद्धात ओढले. त्या युद्धाला विरोध करणारा वैयक्तिक सत्याग्रह 17 ऑक्टोबर 1940 रोजी याच पवनारला विनोबांच्या भाषणाने सुरू झाला. पहिला सत्याग्रही म्हणून गांधीजींनी सभा गाजवणारा पुढारी निवडला नाही. सूत कातणारा, जमीन खणणारा साधक निवडला. ज्याच्या जगण्यातच हिंसेला नकार आहे, त्याच्याच शब्दाला वजन, हा त्या निवडीचा अर्थ.

त्याची किंमत आश्रमाने मोजली. फेब्रुवारी 1942 मध्ये जमनालालजी गेले. ऑगस्टमध्ये विनोबांना अटक झाली आणि 1945 पर्यंत ते वेल्लोर व सिवनीच्या तुरुंगांत होते. आधीचा कारावास धरला, तर युद्धाचा निम्म्याहून अधिक काळ हा खणणारा माणूस आपल्या जमिनीपासून दूरच होता.

तरीही एक विसंगती उरतेच. युद्धाला नाही म्हणणारा हा आश्रम उभा होता एका धनिकाच्या वास्तूत. विनोबांना ती जाणवत नसेल, असे मानवत नाही. 1950 च्या सुमारास त्यांनी पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला: दानाचा पैसा नको, बैलही नकोत, हाताने कसलेल्या शेतीवर जगायचे. सत्तेला दिलेला नकार आता पैशापर्यंत पोहोचला होता. मार्च 1951 मध्ये ते तिथूनच पायी निघाले आणि 18 एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाचा जन्म झाला.

भूदानाची आकडेवारी आपण वर्गात शिकवतो. त्यामागचे हे खणणे मात्र बहुधा सांगायचे राहून जाते.